व्यवस्थापन शुल्क वजा जाता क्रिप्टो फंडाचा परतावा कसा काढावा?

खतावणी (धागालेखक)

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. बिटकॉइन धरून ठेवणाऱ्या एका फंडात त्याने काही वर्षांपूर्वी पैसे घातले. पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधून त्याने एक तक्ता मला तपासायला पाठवला, कारण मी सहकारी बँकेत बत्तीस वर्षे खाती जुळवली आहेत आणि मामाच्या नजरेतून पैसा सुटत नाही असा आमच्या घरात समज आहे. त्याने बिटकॉइनची वाढ दरसाल 15 टक्के धरली होती (हा आकडा कुठून आला ते त्यालाच ठाऊक, इथे तो केवळ उदाहरणापुरता घेतो), फंडाचे शुल्क 2 टक्के आणि म्हणून निव्वळ वाढ 13 टक्के. या हिशेबाने 10 लाखांचे दहा वर्षांत 33 लाख 94 हजार होतात, आणि तक्ता तिथेच संपत होता.

चूक वजाबाकीत आहे. शुल्क मुद्दलावर किंवा वाढीवर आकारले जात नाही. ते फंडातल्या मालमत्तेच्या त्या त्या दिवसाच्या मूल्यावर रोजच्या रोज चढत जाते. फंड आपल्याकडची थोडी नाणी विकून, किंवा काही ठिकाणी नाणीच देऊन, ते भागवतो. म्हणजे 15 मधून 2 वजा करायचे नसतात, तर 1.15 ला 0.98 ने गुणायचे असते. उत्तर 1.127 येते, म्हणजे निव्वळ वाढ 12.7 टक्के. हा 0.3 टक्क्यांचा फरक किरकोळ दिसतो, पण दहा वर्षांनंतरची रक्कम 33 लाख 5 हजारांवर येते, म्हणजे तक्त्यापेक्षा 89 हजारांनी कमी. वाढ जितकी जास्त गृहीत धरावी तितकी ही चूकही मोठी होते, आणि क्रिप्टोत माणसे वाढ हात आखडून गृहीत धरत नाहीत.

म्हणून मी त्याला तक्ता नव्याने मांडायला सांगितले, तोही दोन स्वतंत्र रकान्यांत. पहिला रकाना नाण्यांचा: आज माझ्या हिश्श्याला किती बिटकॉइन आहेत आणि शुल्क जाऊन दरवर्षी किती उरतील. दुसरा रकाना भावाचा. पहिल्या रकान्याला अंदाज लागत नाही. शुल्काचा दर बदलला नाही तर दहा वर्षांनंतर 0.98 चा दहावा घात, म्हणजे मूळ नाण्यांपैकी 81.7 टक्के उरणार, मग बिटकॉइनचा भाव दहापट होवो वा दहावा हिस्सा राहो. 0.25 टक्के शुल्काच्या फंडात हाच आकडा 97.5 टक्के येतो. दुसरा रकाना सगळाच अंदाजाचा. दोन्ही एकत्र कालवले की ठाऊक असलेली गोष्टही अंदाजासारखी दिसू लागते.

भाच्याला हे पटले. तरी अशा फंडांच्या परताव्याचा अंदाज बांधताना मी आणखी काय विसरतो आहे, हे येथील जाणकारांनी सांगावे, म्हणून हा धागा.

उलटतपासणी

मांडणी आवडली, पण एक शंका आहे. शुल्क नसते तर 15 टक्क्यांनी 10 लाखांचे 40 लाख 45 हजार झाले असते. तुमच्या हिशेबाने 33 लाख 5 हजार झाले, म्हणजे 7 लाख 40 हजार गेले. मी दरवर्षीच्या शुल्काची बेरीज करून पाहिली, तर दहा वर्षांत फंडाने प्रत्यक्ष घेतलेली रक्कम 4 लाख 17 हजारांच्या आसपासच भरते. मग उरलेले गेले कुठे? आणि दुसरे असे की, जी वस्तू एका वर्षात 60 टक्के पडते आणि पुढच्या वर्षात दीडशे टक्के चढते, तिच्यात 2 टक्क्यांचा कीस पाडण्यात अर्थ आहे का?

खतावणी

तुमची बेरीज बरोबर आहे. उरलेले जवळपास सव्वातीन लाख म्हणजे, शुल्कापोटी गेलेली नाणी आपल्याकडे राहिली असती तर त्यांच्यावर जी वाढ झाली असती ती. बँकेच्या भाषेत मुद्दल गेले आणि त्यावरचे व्याजही गेले. फंडाच्या विवरणपत्रात पहिला आकडा दिसू शकतो. दुसरा कुठल्याच विवरणपत्रात छापलेला नसतो, कारण ती रक्कम कुणी घेतलेली नाही, ती निर्माणच झाली नाही. दोन फंडांची तुलना करताना मात्र 7 लाख 40 हजार हाच आकडा धरावा लागतो. 0.25 टक्के शुल्काच्या फंडात याच गृहीतकाने तो सुमारे 1 लाख येतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी उलटे देतो. भाव 60 टक्के पडणार की दीडशे टक्के चढणार, हे माझ्या हातात नाही. फक्त बिटकॉइनच धरणाऱ्या दोन फंडांत तो भाव सारखाच पडतो आणि सारखाच चढतो, म्हणून तुलनेतून तो कटतो. उरते ते शुल्क.

एडिसनकर

शुल्काखेरीज आणखी एक रकाना लागतो, आणि तो विसरल्यामुळे बऱ्याच लोकांचे अंदाज कोलमडले. ग्रेस्केल बिटकॉइन ट्रस्ट या बिटकॉइन धरून ठेवणाऱ्या अमेरिकी फंडाचे उदाहरण घ्या. 2013 मध्ये तो सुरू झाला तेव्हा एका शेअरमागे 0.1 बिटकॉइन होते. 2018 च्या जानेवारीत एका शेअरचे 91 शेअर केले गेले, म्हणजे मूळ हिशेबाने एका नव्या शेअरमागे 0.0011 च्या आसपास बिटकॉइन यायला हवे होते. दरसाल 2 टक्के शुल्क कापले जाऊन जानेवारी 2024 पर्यंत ते 0.0009 पेक्षाही किंचित खाली आले. खतावणींचा पहिला रकाना इथे जवळजवळ तंतोतंत जुळतो.

जुळला नाही तो बाजारभाव. या ट्रस्टचे शेअर परत देऊन बिटकॉइन किंवा त्याची किंमत घेण्याची सोय 2014 च्या ऑक्टोबरपासून 2024 पर्यंत गुंतवणूकदाराला नव्हती. शेअर विकायचा तर बाजारातच दुसऱ्या कुणाला विकावा लागे. त्यामुळे शेअरचा भाव आतल्या बिटकॉइनच्या किमतीपासून सुटून वाटेल तिथे जाई. 2017 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये लोक आतल्या मालापेक्षा बरीच जास्त किंमत मोजत होते. 2021 च्या सुरुवातीला ते उलटले, आणि एफटीएक्स हे क्रिप्टो एक्सचेंज बुडाल्यानंतर, डिसेंबर 2022 मध्ये, शेअर आतल्या मालाच्या जवळपास निम्म्या किमतीला मिळत होता. 2022 या एका वर्षात बिटकॉइन सुमारे 64 टक्के पडला, तर ट्रस्टचा शेअर सुमारे 76 टक्के. 2023 मध्ये बिटकॉइन दीडशे टक्क्यांहून थोडा अधिक चढला आणि शेअर सुमारे 8 डॉलरवरून 34 च्या वर गेला, म्हणजे चौपट झाला. शुल्क दोन्ही वर्षी 2 टक्केच होते.

11 जानेवारी 2024 पासून हा ट्रस्ट ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात शेअरसारखा व्यवहार होणारा फंड, झाला आणि त्याच दिवशी अमेरिकेत इतरही अनेक बिटकॉइन ईटीएफ सुरू झाले. आता मोठ्या मध्यस्थ संस्था शेअर निर्माण करू शकतात आणि परतही देऊ शकतात, त्यामुळे भाव आणि आतली किंमत यांत फारसे अंतर उरत नाही. तेव्हा 2024 पूर्वीचा परतावा पाहून कुणी पुढचा अंदाज बांधत असेल, तर त्यातला अधिमूल्याचा (आतल्या किमतीपेक्षा जादा मोजलेल्या पैशांचा) आणि वटावाचा (आतल्या किमतीपेक्षा कमी मोजलेल्या पैशांचा) भाग आधी वेगळा काढावा. डिसेंबर 2022 मध्ये घेणाऱ्याला मिळालेला परतावा बिटकॉइनचाही नव्हता आणि व्यवस्थापनाचाही नव्हता. बराचसा तो वटाव भरून निघाल्याचा होता.

खतावणी

वटाव म्हटल्यावर जुनी सवय जागी झाली. पैसे काढून घेण्याची सोयच नसलेल्या फंडात दरसाल 2 टक्के कापले जाणार असतील, तर शहाणा गिऱ्हाईक पुढची सगळी कपात आजच भावातून वजा करेल, जसे आम्ही हुंडी वटवताना मुदतीचे व्याज आधीच कापून घेत असू. दहा वर्षे अडकून राहणार असे वाटले तर वटाव 18 टक्के व्हायला हवा. 49 टक्के वटाव म्हणजे बाजाराने जवळजवळ 33 वर्षांचे शुल्क एकदम कापून घेतल्यासारखे झाले. नुसत्या शुल्काने एवढा वटाव होत नाही, त्यात भीती मिसळलेली असणार. पण शुल्क आणि वटाव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मला तुमच्या प्रतिसादामुळे नीट दिसले.

एडिसनकर

बरोबर. तुमच्या भाच्याच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. 31 जुलै 2024 रोजी या ट्रस्टमधले 10 टक्के बिटकॉइन काढून त्यांचा 'मिनी ट्रस्ट' निघाला, त्याचे शुल्क 0.15 टक्के आहे, आणि जुन्या शेअरधारकांना त्याचे शेअर आपोआप मिळाले. शेअरमागच्या बिटकॉइनचा आलेख पाहिला तर त्या दिवशी एकदम दहा टक्क्यांची पायरी दिसते. ती शुल्काची नव्हे. नाण्यांचा रकाना भरताना मिनी ट्रस्टची नाणी त्यात मिळवली नाहीत, तर शुल्क आहे त्याच्या कितीतरी पट दिसेल. मी स्वतः पहिल्यांदा हा घोळ घातला होता.

प्रारंभीच्या सवलतीही तशाच. ब्लॅकरॉक या अमेरिकी कंपनीच्या बिटकॉइन ईटीएफचे शुल्क 0.25 टक्के आहे, पण पहिले बारा महिने, पहिल्या पाच अब्ज डॉलरपर्यंत, ते 0.12 टक्के ठेवले होते. दहा वर्षांच्या अंदाजात सवलतीचा दर घालू नये.

आणि वायद्यांवर (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या करारांवर) चालणारे फंड असतील तर छापील शुल्कावर मुळीच विसंबू नये. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या पहिल्या बिटकॉइन वायदा ईटीएफचे शुल्क 0.95 टक्के आहे; परंतु पुढच्या महिन्याचा वायदा चालू महिन्यापेक्षा महाग असतो तेव्हा दर महिन्याला स्वस्त विकून महाग घ्यावे लागते, आणि ती झीज शुल्काच्या आकड्यात कुठेच धरलेली नसते.

कृष्णाकाठ

चर्चा ईटीएफवर चालली आहे, पण माझा प्रश्न जरा वेगळा आहे. दुबईत असलेल्या एका मित्राला खासगी क्रिप्टो फंडाकडून प्रस्ताव आला आहे: 2 टक्के व्यवस्थापन शुल्क आणि नफ्यातला 20 टक्के हिस्सा. 'नफा झाला तरच आम्ही घेणार' हे त्याला फार न्याय्य वाटते. याचा अंदाज कसा बांधावा?

गणितवेडा

याचा अंदाज सरासरीने बांधताच येत नाही, आणि तो प्रस्ताव जेवढा दिसतो तेवढा न्याय्य का नाही, हेही त्यातच आहे. 100 रुपये घ्या. पहिल्या वर्षी बाजार दुप्पट झाला, दुसऱ्या वर्षी निम्मा झाला. सरासरी काढली तर दरसाल 25 टक्के वाढ दिसते. प्रत्यक्षात 100 चे 100 राहिले. (ज्या माहितीपत्रकात 'सरासरी वार्षिक परतावा' असे लिहिलेले असेल, तिथे ही सरासरी कोणती, हे पहिल्यांदा विचारावे.)

आता शुल्क लावा. पहिल्या वर्षअखेर 200 झाले, त्यातून 2 टक्के गेले, 196 उरले. नफा 96, त्याचा पाचवा हिस्सा 19.20. हातात 176.80. दुसऱ्या वर्षी निम्मे होऊन 88.40, त्यातून 2 टक्के जाऊन 86.63. बाजार जिथून निघाला तिथे परत आला आहे, तुमचे मात्र 13 रुपयांहून अधिक गेले. पहिल्या वर्षी नफ्यातून घेतलेला हिस्सा दुसऱ्या वर्षीच्या तोट्यात परत मिळत नाही. 'नफा झाला तरच' या वाक्यात 'कधी मोजलेला नफा' हे सांगितलेले नसते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

यावर उतारा म्हणून 'हाय-वॉटर मार्क' असतो. तुम्ही कृष्णाकाठचे आहात, तुम्हाला पूररेषा सांगायला नको: सांगलीत कित्येक घरांच्या भिंतींवर 2005 ची आणि 2019 ची खूण आहे, आणि पाणी त्या खुणेच्या वर गेले तरच नवी खूण पडते. इथेही तसेच, 176.80 ही खूण ओलांडेपर्यंत व्यवस्थापकाला नफ्यातला हिस्सा मिळत नाही. तिसऱ्या वर्षी बाजार 60 टक्के चढला तर 86.63 चे, 2 टक्के जाऊन, 135.84 होतात. पूररेषा असेल तर तेवढे तुमचे. नसेल, तर त्या वर्षीच्या 49 रुपयांच्या वाढीतूनही पाचवा हिस्सा जाईल आणि 126 उरतील. याच तीन वर्षांत नुसती नाणी धरली असती तर 160 झाले असते, आणि 2 टक्के शुल्काच्या साध्या फंडात 150.59.

मित्राला तीन गोष्टी लेखी विचारायला सांगा: पूररेषा आहे का, नफा महिन्याला मोजतात की वर्षाला, आणि 20 टक्के हिस्सा व्यवस्थापन शुल्क वजा करून मोजतात की त्याआधी. महिन्याला मोजत असतील आणि पूररेषा नसेल, तर बिटकॉइनसारख्या वर-खाली होणाऱ्या वस्तूत बाजार जागच्या जागी हलत राहिला तरी व्यवस्थापकाची कमाई चालूच राहते.

कृष्णाकाठ

पूररेषेची उपमा नेमकी लागली. मित्राला पाठवतो.

करसल्ला

भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी एक भर घालतो, कारण वरचे सगळे हिशेब करापूर्वीचे आहेत. सेबीकडे नोंदलेला एकही म्युच्युअल फंड थेट बिटकॉइन धरत नाही. आपल्याकडे जे मिळतात ते एक्सचेंज किंवा ॲपवरचे तयार 'बास्केट', म्हणजे अनेक नाण्यांचे संच. त्यांना फंड म्हणण्याची पद्धत पडली आहे, एवढेच. 1 एप्रिल 2022 पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातल्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते. अन्य कोणताही खर्च वजा होत नाही आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही. 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएसही आहे. तो अंतिम करात धरला जातो, पण तोवर पैसे अडकतात.

म्हणजे व्यवस्थापन शुल्क तुमच्या खिशातून जाते, पण आयकराच्या दृष्टीने ते गेलेलेच नसते. 10 लाखांची नाणी घेतली, 15 लाखांना विकली आणि मधल्या काळात 60 हजार शुल्क वेगळे भरले असे समजा. शुल्कावर 18 टक्के जीएसटी, 10,800. कर मात्र पूर्ण 5 लाखांवर, 1 लाख 56 हजार. हातात 12 लाख 73 हजार 200. 50 टक्क्यांची वाढ 27.3 टक्क्यांवर आली, आणि यात अधिभार धरलेला नाही. बास्केटमध्ये नाण्यांची अदलाबदल वारंवार होत असेल, तर प्रत्येक अदलाबदल हे हस्तांतरण असते: वाढलेल्या नाण्यावर कर भरायचा आणि पडलेल्या नाण्याचा तोटा तसाच सोडून द्यायचा. वर्षभरात बास्केटचे एकूण मूल्य तसूभरही वाढले नाही तरी कर लागू शकतो. माझ्याकडे असे विवरण घेऊन आलेल्या एका गृहस्थांना हे समजावताना मला एक तास लागला, आणि तरीही ते ॲपच्या पडद्यावरचा 'नफा शून्य' मला पुन्हा पुन्हा दाखवत होते.

एडिसनकर

अमेरिकेत याच्या बरोबर उलट गंमत आहे. ईटीएफ शुल्कासाठी जी थोडी थोडी नाणी विकतो ती कायद्याने तुम्हीच विकली असे धरले जाते, आणि शेअर न विकताही प्रत्येक महिन्याची काही सेंटांची किंवा डॉलरांची विक्री करपत्रात हिशेबाला घ्यावी लागते.

खतावणी

सर्वांचे आभार. करसल्ला यांचा प्रतिसाद वाचून भाच्याचा शेवटचा प्रश्न मला नव्याने मांडावा लागला. तो 1.5 टक्के शुल्काच्या फंडात आहे आणि 0.25 टक्क्यांच्या फंडात जाऊ का, असे विचारतो आहे. शुल्क पाहता उत्तर उघड वाटते. पण जाण्यासाठी आधी विकावे लागेल, आणि त्याची 4 हजार डॉलरची खरेदी आज 20 हजारांची आहे. 15 टक्के दीर्घकालीन कर धरला (राज्याचा कर सोडून) तर 2,400 डॉलर आजच जातील आणि नव्या फंडात 17,600 च पोहोचतील. जुन्या फंडात राहिला तर तोच कर पुढे कधीतरी लागेल, आणि तोवर ती रक्कमही वाढत राहील. दोन्ही वाटांनी पाच वर्षांनंतर विकून, सगळा कर भरून, हातात काय राहते ते मी काढले.

बिटकॉइनचा भाव पाच वर्षांत जागचा हलला नाही, तर नव्या फंडात गेलेला सुमारे 1,050 डॉलरने पुढे राहतो. भाव दुप्पट झाला तर राहणाऱ्याच्या हाती 32,125 आणि जाणाऱ्याच्या हाती 32,188 डॉलर, म्हणजे जवळजवळ बरोबरी. चौपट झाला तर राहणारा 1,900 डॉलरने पुढे. पाचाऐवजी दहा वर्षे धरली, तर भाव चौपट होऊनही जाणाराच सुमारे 1,900 ने पुढे येतो, कारण शुल्काला काम करायला तेवढा वेळ मिळतो.

म्हणजे ज्याला बिटकॉइन झपाट्याने वाढेल अशी खात्री आहे त्याने महाग फंडातच थांबावे, असे गणित निघते. ही ओळ मी दोनदा तपासली. भाच्याला तक्ता पाठवला तेव्हा त्याने विचारले, "मग मामा, मी काय करू?" मी त्याला म्हटले, नव्याने घालशील ते पैसे 0.25 टक्क्यांच्या फंडात घाल; जुन्यांसाठी तू किती वर्षे थांबणार आहेस ते आधी सांग. त्यावर तो अजून विचार करतो आहे.

उलटतपासणी

दुप्पट भावाची बरोबरी मीही करून पाहिली. 63 डॉलरचा फरक येतो, बरोबर आहे. फक्त न्यू जर्सीचा राज्य कर धरला तर ती बरोबरी राहणाऱ्याच्या बाजूला थोडी झुकेल, तेवढे भाच्याला कळवा.